प्लेग, हवा आणि जमीन : मुंबईच्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची गोष्ट (धागा)

मुंबई महापालिकेच्या वैधानिक समित्यांमध्ये ‘सुधार समिती’ नावाची एक समिती आहे. भूखंडांचे भाडेपट्टे, आरक्षणे, मालमत्ता संपादन असले विषय तिच्याकडे जातात. त्यात ‘सुधारणा’ कोणती, असा प्रश्न नवख्या माणसाला पडावा. उत्तर सव्वाशे वर्षे मागे, प्लेगच्या दिवसांत आहे.

सप्टेंबर १८९६. मांडवी बंदराच्या परिसरात तापाने आणि काखेत-जांघेत उठलेल्या गाठींनी माणसे मरू लागली. मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा प्लेग असल्याचे निदान केले. काही महिन्यांतच शहर ओस पडू लागले. १८९१ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती; १९०१ मध्ये ती ७,७६,००६ भरली. वाढत्या बंदराच्या आणि गिरण्यांच्या शहरात दहा वर्षांनी माणसे कमी भरावीत, एवढ्यावरून आघाताची कल्पना यावी.

सरकारचा पहिला प्रतिसाद दंडेलीचा होता. १८९७ च्या साथरोग कायद्याने घरात शिरण्याचे, रोग्याला उचलून नेण्याचे आणि सामान जाळण्याचे अधिकार मिळाले. अंधाऱ्या खोल्यांत उजेड यावा म्हणून छपराची कौले काढली जात, भिंतींना चुना फासला जाई. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर ‘यू. एच. एच.’ ही इंग्रजी अक्षरे रंगवली जात. लोकांनी हे मुकाट्याने सोसले नाही. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला होता, आणि मार्च १८९८ मध्ये शहरात दंगल उसळली. पुण्यातील जून १८९७ चे रँड प्रकरण सर्वांना ठाऊकच आहे.

तेव्हा राज्यकर्त्यांनी दुसरी वाट धरली. माणसांना हात लावून फायदा नाही, तर जमिनीला हात लावावा.

१८९८ चा चौथा मुंबई कायदा हा त्या विचाराचा परिपाक. त्याने ‘सिटी ऑफ बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ हे नवे मंडळ निर्माण केले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ते कामाला लागले. नमुना स्कॉटलंडमधील ग्लासगोचा होता. तेथे १८६६ च्या कायद्याने असेच मंडळ स्थापून जुनी दाट वस्ती पाडण्यात आली होती. मुंबईच्या मंडळाचे पहिले अध्यक्ष डब्ल्यू. सी. ह्यूज. गावदेवीकडील ह्यूजेस रोड तो त्यांच्याच नावाचा.

हे काम महापालिकेकडे का दिले नाही? येथे राजकारण येते. १८८८ च्या कायद्याने मुंबईच्या महापालिकेत ७२ सभासद होते आणि त्यांतले निम्मे करदात्यांनी निवडलेले. करदाते म्हणजे प्रामुख्याने घरमालक. आपल्याच मतदारांची घरे पाडण्याचा ठराव ही सभा कधी करणार नाही, असा सरकारचा हिशेब होता आणि तो अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही. दुसऱ्या बाजूला फिरोजशहा मेहतांचा आक्षेपही तितकाच खरा होता : शहराच्या पैशाने चालणारे, पण शहराला उत्तर न देणारे मंडळ कशासाठी? ट्रस्टवर महापालिकेचे काही प्रतिनिधी घेतले गेले. मात्र अध्यक्ष सरकारने नेमायचा आणि योजनेला अंतिम मंजुरीही सरकारनेच द्यायची. ज्यांच्या खोल्या पडणार होत्या त्या भाडेकरूंना ना महापालिकेत मत होते, ना ट्रस्टमध्ये. मालक आणि सरकार यांच्या या भांडणात त्यांची बाजू मांडायला दोन्हीकडे कोणी नव्हते.

आता ट्रस्टचे काम कसे चाले ते पाहू. पुढची सगळी गुंतागुंत येथूनच सुरू होते.

प्रथम एखादा भाग आरोग्यास घातक ठरवून त्याची योजना तयार होई. ती जाहीर करून हरकती मागवल्या जात आणि मग सरकारी मंजुरी मिळे. त्यानंतर जमीन सक्तीने संपादन करायची. भरपाईचे वाद सामान्य न्यायालयात वर्षानुवर्षे रेंगाळू नयेत म्हणून खास न्यायाधिकरणाची तरतूद कायद्यातच होती. घरे पाडली की रस्ते आखायचे, गटारे टाकायची, उरलेल्या जागेचे भूखंड करायचे आणि ते दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायचे. सुरुवातीचे भांडवल कर्जरोखे काढून उभारायचे. सरकारने आणि महापालिकेने आपल्या काही मोकळ्या जमिनी ट्रस्टच्या स्वाधीन केल्या, महापालिकेने वार्षिक वर्गणीही द्यायची. पण कर्जाचे व्याज फेडायचे तर भूखंडांचे भाडे आलेच पाहिजे.

म्हणजे हे एकाच वेळी आरोग्य खाते होते आणि जमिनीचा व्यवहार करणारी पेढीही. यांतला कोणता हात वरचढ ठरणार, हे पहिल्या दिवशी कोणी ठरवले नव्हते. ते पुढे हिशेबाच्या वह्यांनी ठरवले.

पहिली योजना नागपाड्याची. प्लेगच्या मृत्यूंनी हा भाग बदनाम झाला होता. घरे एकमेकांना खेटून आणि मधली हाऊसगल्ली जेमतेम सफाई कामगार जाईल एवढी. कित्येक खोल्यांना बाहेरची भिंतच नाही. ट्रस्टने येथील वस्ती पाडून चौकोनी ठोकळ्यांची नवी आखणी केली. आजच्या नकाशात डोंगरी-भेंडीबाजाराच्या वेड्यावाकड्या गल्ल्यांतून नागपाड्यात आले की रस्ते एकदम सरळ होतात. तो सरळपणा या योजनेचा.

त्याच्याच जोडीला रस्त्यांच्या योजना होत्या. प्रिन्सेस स्ट्रीट (आताचा शामलदास गांधी मार्ग) आणि सँडहर्स्ट रोड (आताचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग) हे ट्रस्टने जुन्या वस्तीच्या पोटातून पश्चिम-पूर्व कापत नेले. दिशा योगायोगाने आलेली नाही. पश्चिमेकडून येणारा समुद्रवारा कोंडलेल्या वस्तीत खोलवर शिरावा, हा हेतू होता. त्या काळच्या आरोग्यशास्त्रावर अजून ‘दूषित हवे’च्या सिद्धान्ताची पकड होती : रोग कुबट हवेतून उपजतो, म्हणून शहराला खिडक्या पाडा.

गंमत अशी, की ट्रस्ट स्थापन झाला त्याच वर्षी, १८९८ मध्ये, पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने कराचीत केलेल्या प्रयोगांतून प्लेग उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो असे मांडले. जंतू तर १८९४ मध्येच हाँगकाँगला येर्सँने ओळखला होता. सिमाँचे म्हणणे सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. तोवर मुंबईत वाऱ्यासाठी रस्ते कापणे जोरात चालू होते. अर्थात उजेड आणि हवा निरुपयोगी होत्या असे नव्हे. क्षयासारख्या रोगाला अंधारी खोली पोषकच. पण मांडवीच्या धान्यगोदामांतला उंदीर रुंद रस्ता पाहून गाव सोडून जाणार नव्हता.

रस्त्यांच्या योजनांत पैशाची बाजूही होती. ट्रस्ट रस्त्यापुरतीच पट्टी घेत नसे, दोन्ही बाजूंची जागाही घेई. कारण नव्या हमरस्त्याला तोंड असलेल्या भूखंडाचे भाडे अनेक पटींनी चढे. रस्त्याचा खर्च रस्त्यानेच फेडावा अशी ही युक्ती. कल्पना चतुर होती. परिणाम असा, की जेथे पूर्वी हमाल, गाडीवान आणि कारागीर राहत, तेथे त्यांना न परवडणाऱ्या इमारती आल्या.

आणि मूळचे रहिवासी कोठे गेले? धंदा बंदरात, बाजारात किंवा गिरणीत. पहाटे पायी पोहोचता येईल अशाच अंतरावर खोली हवी. ते शेजारच्या पाड्यात, आधीच भरलेल्या चाळीत शिरले. भरपाई मालकाला मिळे, महिन्याच्या भाडेकरूच्या हाती फारसे काही लागत नसे. पहिल्या दशकात ट्रस्टने पाडलेल्या खोल्या त्याने बांधलेल्या खोल्यांपेक्षा कितीतरी अधिक होत्या. एका गल्लीतली गर्दी उचलून दुसऱ्या गल्लीत ठेवण्याला ‘सुधारणा’ म्हणावे का, हा प्रश्न वृत्तपत्रांनी, महापालिकेने आणि शेवटी ट्रस्टच्या अधिकाऱ्यांनीही विचारला.

भरपाईची रीत त्याहून विलक्षण. इमारतीची किंमत ठरे ती तिच्या भाड्याच्या उत्पन्नावरून. समजा, एका मजल्यावर चार खोल्या आहेत आणि प्रत्येकीचे महिन्याचे भाडे ३ रुपये. वर्षाला १४४ रुपये. मालकाने मध्ये फळ्यांची पडदी घालून आठ खोल्या केल्या आणि प्रत्येकी २ रुपये घेतले, तर वर्षाला १९२. सोळापटीने किंमत धरली तर पहिल्या मजल्याचे २,३०४ रुपये होतात आणि दुसऱ्याचे ३,०७२. (आकडे केवळ रीत समजण्यापुरते घेतले आहेत.) म्हणजे ज्या दाटीमुळे घर पाडायचे, त्याच दाटीबद्दल मालकाला बक्षीस! योजनेची कुणकुण लागली की आसपासचे भाव चढत ते निराळेच. संपादन महागले म्हणून भूखंड महाग, भूखंड महाग म्हणून खोली महाग. या चक्रातून ट्रस्ट कधीच पुरता बाहेर पडला नाही.

हे सर्वांत स्पष्टपणे ओळखणारा माणूस ट्रस्टच्या खुर्चीतच बसला होता. जेम्स ऑर हे १९०९ च्या सुमारास अध्यक्ष झाले आणि पुढे जवळजवळ दशकभर कारभार पाहत राहिले. ऑर हे विक्षिप्त म्हणावेत इतके मोजमापवेडे गृहस्थ. सरसकट पाडापाडी महाग आणि निष्फळ आहे, हे त्यांनी आकड्यांनी दाखवले. पाडायची तर प्रत्येक ठोकळ्यातली नेमकी दोन-चार घरे, जेणेकरून उरलेल्यांना उजेड मिळेल, असा त्यांचा आग्रह होता. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आज बांधल्या जाणाऱ्या नव्या इमारतीच उद्याच्या अंधारकोठड्या आहेत. त्या रोखल्याशिवाय जुन्या पाडून उपयोग काय, असा त्यांचा सवाल होता.

त्यांचा प्रसिद्ध नियम साडेत्रेसष्ट अंशांचा. खोलीच्या बाह्य भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेषा काढा. ती जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा मोठा कोन करत असेल, तर तळमजल्याला पुरेसे आकाश नाही. साध्या भाषेत, समोरची इमारत ४० फूट उंच असेल तर मध्ये निदान २० फूट मोकळी जागा हवी. ट्रस्टने हा नियम आपल्या भूखंडांच्या अटींत घातला. जुन्या शहरातील मालकांनी मात्र अशा बंधनाला कडवा विरोध केला, आणि महापालिकेत त्यांचेच वजन होते. त्यामुळे एकाच शहरात दोन प्रकारचे आकाश तयार झाले : ट्रस्टच्या जमिनीवर मोजून दिलेले, आणि बाहेर ज्याला जेवढे मिळेल तेवढे.

ट्रस्टने स्वतःही चाळी बांधल्या. आग्रीपाडा, नागपाडा, चंदनवाडी, मांडवी कोळीवाडा, परळ अशा ठिकाणच्या ‘बी. आय. टी. चाळी’ त्या याच. पक्क्या भिंती, सामाईक नळ, सामाईक शौचकूप, एकेक खोलीचे बिऱ्हाड. भाडे बाजारापेक्षा कमी असले तरी अगदी तळच्या मजुराला तेही झेपत नसे. १९११ च्या शिरगणतीतही शहरातील दोन-तृतीयांशांहून अधिक लोक एकाच खोलीच्या बिऱ्हाडात राहत होते.

यांपैकी परळच्या, दामोदर हॉलजवळच्या पहिल्या क्रमांकाच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. तेथे १९१२ पासून सुमारे दोन दशके आंबेडकर कुटुंबाचे बिऱ्हाड होते. कोलंबियाला जाण्यापूर्वी आणि लंडनहून बॅरिस्टर होऊन परतल्यावरही बाबासाहेबांचा पत्ता हाच. महाडचा सत्याग्रह झाला त्या काळातही ते याच चाळीत राहत होते. ग्रंथसंग्रह वाढत गेला, जागा पुरेना; १९३० च्या दशकाच्या पूर्वार्धात ते दादरच्या हिंदू कॉलनीत बांधलेल्या ‘राजगृहा’त राहायला गेले.

परळ ते दादर ही वाट फार लांबची नाही. पण ट्रस्टच्या इतिहासात ते दोन वेगळे अध्याय आहेत, कारण हिंदू कॉलनी हीसुद्धा ट्रस्टच्याच आखणीतून निघालेली.

शहराच्या पोटातली जमीन परवडेना, तेव्हा ट्रस्टने उत्तरेकडे पाहिले. दादर, माटुंगा, वडाळा, शीव या भागांत तेव्हा भातशेती, पाणथळ जागा, ताडामाडांच्या वाड्या आणि लहान गावे होती. जमीन स्वस्त. दादर-माटुंगा आणि शीव-माटुंगा या पाचव्या व सहाव्या योजनांनी ही विस्तीर्ण जागा ताब्यात घेतली, भराव घातला, झाडांच्या रांगांसह रुंद रस्ते आखले, चौक आणि उद्याने राखली. किंग्ज सर्कल, पाच उद्याने म्हणजे फाइव्ह गार्डन्स, ही सारी त्या फळ्यावरची रेखाटने. भूखंडाच्या किती भागावर बांधायचे, किती उंच बांधायचे, कडेला किती जागा सोडायची, सारे पट्ट्याच्या करारात. आज ‘विकास नियंत्रण नियमावली’ या नावाने जे ओळखले जाते, त्याचा एक पूर्वज या करारांत सापडतो.

आणि राहायला कोण आले? येथे मंचेरजी एदलजी जोशी यांचे नाव घ्यावे लागते. ट्रस्टमध्येच अभियंता असलेल्या या पारशी गृहस्थांनी मध्यम स्थितीतील पारशी कुटुंबांसाठी १०३ भूखंड राखून घेतले आणि दादर पारशी कॉलनी वसवली. तिच्या शेजारी हिंदू कॉलनी वाढली. माटुंग्यात सरकारी व खासगी कचेऱ्यांत नोकरी करणारी दक्षिण भारतीय कुटुंबे आली. तिथल्या खाणावळी आणि फुलांची दुकाने आजही त्याची साक्ष देतात. ट्रस्टने आधी बंगल्यांचे उपनगर कल्पिले होते, पण बंगल्याला गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा तीन-चार मजली सदनिकांच्या इमारती उभ्या राहिल्या. स्वयंपाकघर आणि मोरी-शौचकूप घराच्या आत असलेला ‘फ्लॅट’ मुंबईच्या कारकुनी मध्यमवर्गाने मोठ्या प्रमाणावर स्वीकारला तो येथे.

दादर-माटुंगा ही भारतातील आरंभीच्या नियोजित उपनगरांपैकी एक आणि, पायी फिरून पाहणाऱ्याला पटेल, बरीच देखणीही. त्या आखणीचे कौतुक करायला हरकत नाही. फक्त नागपाड्यात ज्यांचे छप्पर गेले ते हमाल-गाडीवान तेथे राहायला गेले नाहीत, एवढे कौतुक करताना विसरू नये. प्लेगपासून गरिबांना वाचवण्यासाठी निघालेल्या मंडळाचे सर्वांत टिकाऊ काम कारकून, वकील आणि डॉक्टर यांच्या घरांसाठी झाले. यात कोणाचा कट नव्हता. कर्जरोख्यांचे व्याज वेळेवर भरायचे, तर पट्टा त्यालाच द्यावा लागतो ज्याच्याकडून भाडे वेळेवर येते.

दरम्यान नियोजनाचे दुसरे विचारही मुंबईत येत होते. १९१५ मध्ये बॉम्बे टाउन प्लॅनिंग अ‍ॅक्ट झाला. नगररचनेसाठी झालेला हा भारतातील पहिला कायदा. त्याची पद्धत वेगळी होती : जमीन कायमची हिरावून घ्यायची नाही, सर्वांच्या जमिनी एकत्र करून रस्ते-उद्यानांपुरता वाटा काढायचा आणि उरलेल्या जागेचे नीटस आकाराचे भूखंड मूळ मालकांना परत द्यायचे. पॅट्रिक गेडिस १९१४ मध्ये भारतात आले आणि १९१९ पासून काही वर्षे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे पहिले प्राध्यापक होते. सरळ रस्त्यांच्या हव्यासाने जुनी वस्ती चिरण्याला त्यांचा विरोध होता. थोडी पडझड, बरीच डागडुजी, हा त्यांचा मार्ग. ऑर यांच्या उत्तरकाळच्या विचारांशी त्याचे नाते सहज दिसते.

पहिल्या महायुद्धाने भाडी इतकी चढली की १९१८ मध्ये भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला. गव्हर्नर लॉइड यांनी १९२० मध्ये ‘डेव्हलपमेंट डायरेक्टोरेट’ हे आणखी एक खाते काढले. वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथील २०७ बी. डी. डी. चाळी या खात्याच्या. बी. आय. टी. आणि बी. डी. डी. या दोन नावांत पुष्कळांची गल्लत होते. पहिल्या ट्रस्टच्या, दुसऱ्या सरकारी खात्याच्या, आणि दोहोंत जवळपास दोन दशकांचे अंतर आहे.

एवढी खाती झाल्यावर स्वतंत्र ट्रस्ट कशाला, या फिरोजशहांच्या जुन्या प्रश्नाला पुन्हा धार आली. १९२५ च्या कायद्याने ट्रस्टचा कारभार महापालिकेच्या कक्षेत आणण्याची वाट मोकळी झाली आणि १९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला. त्याच्या जमिनी, चाळी, भाडेपट्टे आणि वादही महापालिकेकडे आले. ते सांभाळण्यासाठी जी समिती लागली तीच आजची सुधार समिती.

मुंबईच्या पाठोपाठ इतरत्रही त्याच नमुन्याच्या संस्था निघाल्या. म्हैसूरने १९०३ मध्ये, कलकत्त्याने १९११ च्या कायद्याने, हैदराबादने १९१२ मध्ये आणि दिल्लीने १९३७ मध्ये असे मंडळ स्थापन केले. नागपूरचा कायदा १९३६ चा. त्यातून आलेला ‘नागपूर सुधार प्रन्यास’ आजही त्याच नावाने उभा आहे. गुंठेवारीत भूखंड घेतलेला नागपूरकर ‘आर. एल.’ म्हणजे नियमितीकरणाचे पत्र मिळवण्यासाठी त्याच्या कचेरीत फेऱ्या घालतो, तेव्हा तो मांडवीच्या प्लेगातून जन्मलेल्या एका शासकीय कल्पनेच्या दारात उभा असतो. ‘प्रन्यास’ म्हणजे ट्रस्ट, आणि ‘सुधार’ म्हणजे १८९८ मधले तेच ‘इम्प्रूव्हमेंट’.